नमुन्याची वाटी

१

धाकटीनं तिसरा चमचा तोंडात घातला आणि तिथंच थांबली.

"ताई, ओठ कसेतरीच होताहेत गं," ती म्हणाली.

ताईंनी आपल्या वाडग्यावरून मान वर केली. बहिणीचा वरचा ओठ बघता बघता सुजत चालला होता. गळ्याशी लाल चट्टे उठले होते. धाकटीनं गळ्याला हात लावला, काहीतरी बोलायला गेली, पण आवाज फुटेना. तिचा नवरा खुर्ची मागं पाडून उठला. तिच्या पर्समधलं इंजेक्शनचं पेन त्यानं काढलं, टोपण दातांनी उडवलं आणि साडीवरूनच तिच्या मांडीत टोचलं. बावीस वर्षं तो ते पेन कुठंही गेलं तरी बरोबर आहे ना ते बघत आला होता, आणि आज पहिल्यांदा वापरत होता.

"गाडी बोलवा," ताई वाढप्याला म्हणाल्या. "आणि या टेबलावरची एकही वस्तू हलवायची नाही. धुवायची तर मुळीच नाही."

एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, रोज तीनशे ताटं. काहीही झालं तरी त्यांचा आवाज जागचा हलत नसे.

सुट्टी अशी नव्हती ठरवली त्यांनी. पाच दिवस, परकं शहर, आणि बेत एकच, खायचं. मोठी झगमगीत हॉटेलं नकोत. गल्लीबोळातली, चार-सहा टेबलांची, जिथं त्या गावचे लोक जेवतात ती. ताईंनी दोन महिने आधीपासून यादी केली होती, रोज पाच हॉटेलं, प्रत्येकाची वेळ लिहिलेली. तीन माणसांनी थोडं थोडं खायचं, उठायचं, पुढं चालायचं. प्रत्येक ठिकाणची नोंद वहीत व्हायची, आणि नोंदीशेजारी तिथली काहीतरी खूण चिकटवायची. बिल, कागदी रुमालाचा तुकडा, चहाच्या पुडीचा कागद, जे हाती येईल ते. धाकटी म्हणायची, "ताई, तू सुट्टीवर आलीस का तपासणीला?"

आज दुसरा दिवस होता, आणि हे दिवसातलं तिसरं हॉटेल. आदल्या दिवशीच्या आइस्क्रीमनं धाकटीचं नाक पार चोंदलं होतं, म्हणून गरम गरम भोपळ्याचं सूप मागवलं. दोन वाडगे. मेहुण्यांना चक्क भूक नव्हती.

या मेहुण्यांना सगळं घर घासराव म्हणायचं. धाकटीला अक्रोड चालत नाही. नुसतं चालत नाही असं नाही, जिवावर बेततं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला एकदा इस्पितळात न्यावं लागलं, आणि तेव्हापासून बाहेरचा पहिला घास नवऱ्यानं चाखल्याशिवाय तिनं कधी खाल्ला नाही. लग्नाच्या पंगतीत, बसथांब्यावर, कुठंही. लोक हसायचे, भाचरं नकला करायची, घासरावांनी कधी मनावर घेतलं नाही.

आजही त्यांनी पहिला चमचा चाखला होता. मान हलवून "चालू दे" म्हणाले होते. आणि तरीही धाकटी आता स्ट्रेचरवर होती.

२

"धोका टळला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेन वेळेवर दिलंत म्हणून. पण पुन्हा उलटू शकतं, चोवीस तास इथंच राहू दे. अक्रोड पोटात गेलाय, अगदी किंचित. कुठं खाल्लं?"

घासराव बाकावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले. त्यांनी हॉटेलचा पत्ता सांगितला. मग एक कारकून कागद घेऊन आला, प्रश्न विचारत गेला, लिहीत गेला, आणि शेवटी त्यांनी सही केली.

ताईंनी तो कागद वाचला. "ऑर्डर देताना अक्रोड चालत नाही असे स्पष्ट सांगितले होते. मी स्वतः चाखले तेव्हा चव लागली नाही. हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे पत्नीच्या जिवावर बेतले."

"आता काय होईल?" ताईंनी विचारलं.

"तपासनीस जातील. हॉटेल आजच बंद. अक्रोड कुठून आला ते उद्या चारपर्यंत कळलं नाही तर परवाना रद्द," कारकून म्हणाला. "जिवाशी गाठ असली की दुसरी संधी नसते."

ताई बहिणीपाशी जाऊन बसल्या. धाकटी झोपली होती. चेहरा ओळखू येऊ नये असा सुजलेला. ताईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. बहीण म्हणजे त्यांना लेकीसारखी, बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा हिला वेणी घालायला शिकवली ती ताईंनीच.

रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एक गोष्ट त्यांना आठवली. तेच सूप त्यांनीही खाल्लं होतं. आणि त्या सुपात, ते रांधणाऱ्या हातात, त्यांना काही वावगं लागलं नव्हतं. उलट, असं स्वच्छ स्वयंपाकघर आपल्यालाही कधी ठेवता आलं नाही, असंच त्यांना आत डोकावल्यावर वाटलं होतं.

"मी जरा जाऊन येते," त्या घासरावांना म्हणाल्या.

"कुठं?" घासराव दचकले. "ताई, जाऊ द्या ना आता. ती बरी झाली की घरी जाऊ. कशाला उगाच?"

ताई दारातच थांबल्या. ज्याची बायको मरता मरता वाचली, त्या माणसाला दोष कुणाचा हे जाणून घ्यायला नको होतं?

३

हॉटेलच्या दारावर बंदीचा पिवळा कागद चिकटला होता. आत मालकीण ओट्याला टेकून उभी होती. पन्नाशीची, हडकुळी, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. रांधायची तीच, राहायचीही वरच्याच खोलीत. तपासनीस बाई टेबलावर बॅग उघडून अक्रोड असला की रेघ दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या मांडत होत्या.

"तुम्ही त्यांच्याच ना?" मालकीण म्हणाली. "बोला. तुम्हीही बोलून घ्या."

"बोलायला नाही आले. बघायला आले," ताई म्हणाल्या.

"काय बघायचं राहिलंय? माझ्याकडं अक्रोड नाही. पाव समोरच्या बेकरीतनं येतो, तिथं अक्रोडाचे केक होतात, म्हणून तुमच्या टेबलावर पाव पाठवला नाही. तुमच्या बहिणीनं सांगितलं तेव्हा दुसरी पळी काढली, वाडगे पुन्हा धुतले. एवढं करून माझ्या दारावर कागद." तिचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "आणि माझ्याकडं पुरावा आहे."

तिनं फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात झाकणाच्या स्टीलच्या वाट्या ओळीनं लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर तारीख आणि वेळ.

ताईंचा हात आपोआप पुढं झाला. इस्पितळात त्या हेच करायच्या. केलेल्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी, वाढायच्या आधी काढून झाकून ठेवायची. कुणाला काही झालंच तर तपासायला.

"नमुन्याची वाटी," ताई म्हणाल्या. "हॉटेलवाले नाही ठेवत हे. तुम्ही कुठं शिकलात?"

"वसतिगृहात रांधायचे मी. एकदा अकरा मुली आजारी पडल्या. माझ्या आमटीनं नव्हे, बाहेरच्या बर्फानं. पण भांडी धुऊन झाली होती, दाखवायला काही उरलं नव्हतं. काढून टाकलं मला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही."

तपासनीस बाईंनी आजच्या सुपाच्या वाटीत पट्टी बुडवली. तिघी थांबल्या. पट्टीवर रेघ उमटली नाही.

"पातेलंही साफ," तपासनीस बाई म्हणाल्या. मग त्यांनी धाकटीच्या वाडग्यात पट्टी घातली. यावेळी रेघ आली. फिकट, पण आली.

मालकीण खाली बसली.

४

"आता माझा वाडगा तपासा," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच तपासा."

ताईंचा वाडगा अर्धा भरलेला तसाच होता. पट्टी कोरी आली. तपासनीस बाईंनी मग वाडग्यांची बाहेरची बाजू पुसून पाहिली, ट्रे पाहिला. सगळं कोरं.

"म्हणजे एकाच वाडग्यात, आणि तेही आतून," तपासनीस बाई म्हणाल्या. "पातेल्यातनं निघाल्यावर. कुणीतरी घातलं असणार. वाढायला कोण होतं?"

वाढपी दारापाशीच घुटमळत होता. चाळिशीचा, मिशा रंगवलेला, बोलायला तिखट. मालकिणीशी त्याचं गेले महिनाभर जुळत नव्हतं, आणि पुढच्या महिन्यापासून तो समोरच्या बेकरीत कामाला जाणार होता. हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं.

"आता म्हणाल, जाता जाता सूड उगवला," तो म्हणाला. "भांडण पगारी सुट्टीवरून आहे बाई. माणसं मारण्यावरून नाही."

"वाडगे कसे ठेवलेत टेबलावर?" ताईंनी विचारलं.

"ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला आणि गेलो. तुम्हीच म्हणालात, ठेवा, आम्ही घेतो."

ते खरं होतं. ताईंना आठवलं. दोन वाडगे मधोमध, आणि धाकटीनं त्यातल्या त्यात जास्त वाफ येणारा स्वतःकडं ओढला होता, नाकासाठी. वाढप्याला घालायचंच असतं तर दोन्हीत घालावं लागलं असतं. कुणाच्या वाट्याला कुठला येणार हे त्याला काय, देवालाही माहीत नव्हतं.

"आणि तो बेकरीवाला?" मालकीण म्हणाली. "तो तुमच्या शेजारच्या टेबलावर होता. दोन वर्षं मागं लागलाय, जागा दे म्हणून. बेकरी इकडंही वाढवायचीय त्याला."

बेकरीवाल्याला बोलावणं धाडलं. तो हाताला पीठ तसंच घेऊन आला. गोल, घामेजलेला, गोंधळलेला.

"जागा हवी होती, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण रोज हिच्याकडचं सूप खातो मी. माझ्या घरी असं कुणाला जमत नाही. हे बंद झालं तर दुपारी खायचं काय मी?"

"आमच्या टेबलावरचं मीठ तुम्ही उचललं होतं."

"उचललं, घातलं, परत ठेवलं. तुमचं सूप यायच्या आधी."

ताईंनी मान हलवली. ते मीठ धाकटीनं घेतलंच नव्हतं. घेतलं होतं ताईंनी, दोनदा, आणि त्यांचा वाडगा साफ होता.

तपासनीस बाईंनी बॅग बंद केली. "बाई, तुमचं सगळं पटतं. पण वाडग्यात अक्रोड आहे आणि वाडगा इथला आहे. उद्या चार वाजता मी कुलूप घेऊन येणार. त्याच्या आत काही सापडलं तर सांगा."

मालकिणीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याची घडी घालत बसली. घडी मोडायची, पुन्हा घालायची. ताईंना ते बघवेना.

५

सकाळी लॉजच्या खोलीत ताई वही उघडून बसल्या. रात्र त्यांनी इस्पितळातच काढली होती आणि आंघोळीपुरत्या आल्या होत्या. घासराव अजून तिथंच होते. धाकटीचा हात धरून बसले होते, जेवायलाही उठले नव्हते.

पातेल्यातलं सूप साफ. ट्रे साफ. म्हणजे टेबलावर येईपर्यंत दोन्ही वाडगे सारखेच. टेबलावर आल्यावर बदलला तो एकच. आणि टेबलाशी वाढपी पुन्हा फिरकला नाही, बेकरीवाला उठला नाही. टेबलाशी होती ती तीनच माणसं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. हे त्यांना कालच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण मनानं कानावर हात ठेवले होते.

त्यांनी कालचं पान काढलं. स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं: "भोपळ्याचं सूप. मिरी बेताची. घासराव: भूक नाही (आश्चर्य!)." शेजारी चिकटवलेली खूण होती एक हिरवा चकचकीत कागद, पेपरमिंटच्या गोळीचा. सूप यायच्या आधी तो टेबलावर पडला होता. हॉटेलचा असेल म्हणून त्यांनी सवयीनं उचलला होता.

पण जेवायच्या आधी पेपरमिंट कोण देतं?

त्यांनी पर्स उपसली. शहरात फिरायचे तीन पास त्यात होते. दुसऱ्या हॉटेलातून निघताना घासराव म्हणाले होते, "तुम्ही दोघी व्हा पुढं, मी पास काढून आणतो." रस्त्याच्या टोकालाच यंत्र होतं. ते आले साडेबाराच्या पुढं, घाईघाईनं. "रांग होती हो." आणि आल्या आल्या बेसिनपाशी जाऊन हात धूत बसले. ताईंनी पास उजेडात धरला. छापलेली वेळ होती बारा वाजून सात मिनिटं.

त्यांच्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी एक नियम केला होता. आयांनी स्वतःच्या तोंडात चमचा घालून मुलांचं दूध चाखायचं नाही. आया चिडायच्या. चाखल्यानं काय होतंय, आईच आहे ना मी? ताई त्यांना समजावून सांगायच्या, तुमच्या तोंडातलं त्याच्या तोंडात जातं बाई, माया असली तरी जातं.

इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, आणि घरातल्या घासरावांना बघून मात्र कौतुकानं हसत राहिल्या.

जाताना त्या बेकरीवरून गेल्या. आत शिरायची गरजच पडली नाही. काउंटरवर काचेची बरणी होती, हिरव्या चकचकीत कागदातल्या गोळ्यांनी भरलेली. आणि तिच्यामागं, कापून मांडलेला, अक्रोडाचा केक.

६

इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर ताईंनी घासरावांना बसवलं. तीन पास आणि वहीचं ते पान त्यांच्यामध्ये पायरीवर ठेवलं.

घासरावांनी हिरवा कागद पाहिला. बराच वेळ पाहिला.

"चूळ भरली होती मी," शेवटी ते म्हणाले. "दोनदा. हात साबणानं धुतले. गोळी चघळली. मला वाटलं, एवढं पुरे."

"किती खाल्लात?"

"एक तुकडा. उभ्या उभ्या. काचेत दिसला, आणि... ताई, लहानपणी आमच्याकडं आई दर रविवारी करायची. लग्नानंतर सोडला. तिनं सांगितलं नव्हतं, मीच सोडला. अगदीच सोडला म्हणणंही खोटं आहे. कधीतरी, चोरून."

"मग चाखलंत कशाला? आज नको म्हणायचं."

"चाखलं नसतं तर तिनं खाल्लं नसतं. बावीस वर्षांत एकदा चुकलं नाही माझ्याकडून. विचारलं असतं तिनं, आज का नाही? काय सांगणार होतो मी?" त्यांनी पास पालथे घातले. "तिला जपायचं म्हणून पहिला घास माझा. आणि त्याच चमच्यानं मी..."

ते रडायला लागले. ताईंना त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि त्यांनी कुठलंच लपवलं नाही.

"रडून घ्या. पण एक सांगा. चूक झाली ती झाली, ती कुणाकडूनही होईल. सही केलीत ती चूक नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं."

"डॉक्टरांनी विचारलं कुठं खाल्लं. मी पत्ता सांगितला. मग तो कारकून लिहीत गेला. थांब म्हणायला तोंड उघडेना."

"सही करताना हात नाही थरथरला?"

"थरथरला. त्याला वाटलं, बायकोच्या काळजीनं."

"त्या बाईला एकदा विनाकारण काढून टाकलंय, घासराव. तिनं एकोणीस वर्षं वाट्या भरून ठेवल्या, पुन्हा तसं होऊ नये म्हणून. आणि आता चार वाजता तिच्या दाराला कुलूप लागणार, तुमच्या तोंडातल्या केकपायी."

"मी सांगतो तपासनिसांना. आत्ता सांगतो." त्यांनी ताईंचा हात धरला. "फक्त हिला सांगू नका. तुमच्या पाया पडतो. पुन्हा मी चाखलेलं खाणार नाही ती."

घड्याळात सव्वा वाजला होता. ताईंनी हात सोडवून घेतला.

"ते तुम्ही तिला सांगायचं. मी दारात उभी राहते."

७

धाकटी उठून बसली होती. सूज उतरली होती, केस विस्कटलेले. तिनं दोघांची तोंडं पाहिली आणि उशी पाठीशी ओढली.

घासरावांनी सांगितलं. उभ्यानंच, खाली बघत, काही न वगळता. सहीपर्यंत आले तेव्हा आवाज इतका बारीक झाला की ताईंना दारात ऐकू येईना.

धाकटीनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "केकचं मला ठाऊक आहे."

घासरावांनी मान वर केली.

"दर महिन्याला केस कापायला जाता ना तुम्ही? आणि दोन तासांनी पेपरमिंटचा घमघमाट करत येता. कुठला न्हावी पेपरमिंट देतो हो?" तिचा आवाज अजून घोगरा होता. "म्हणून तर दारातच ओरडते मी. आधी आंघोळ, दात घासा, मग स्वयंपाकघरात पाय टाका. तुम्हाला काय वाटलं, केसांच्या कचऱ्यासाठी?"

"तू कधी बोलली नाहीस."

"महिन्यातून एकदा माणूस आपल्या आवडीचं खातो, त्यात काय बोलायचं? बोलले असते तर तेवढंही सोडलं असतंत." तिनं पदरानं नाक पुसलं. "काल नाक चोंदलेलं होतं. वास आला असता तर चमचाच घेतला नसता तुमच्याकडून. आणि हिची ती वही. दोन हॉटेलांच्या मध्ये अर्धा तास. माणसाला चोरून खाऊन दात घासायला तरी सवड ठेवावी की नाही, ताई?"

ताई दारात उभ्या होत्या. काल दुपारपासून त्या वाडग्यांचा, ट्रेचा, मिठाचा, सगळ्यांचा हिशोब मांडत आल्या होत्या, आणि स्वतः आखलेलं वेळापत्रक मात्र त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं.

"केकचं सोडा," धाकटी नवऱ्याला म्हणाली. आता तिच्या बोलण्यातली मस्करी पार गेली होती. "ती सही तुम्ही केलीत याचं वाईट वाटतंय मला. त्याचा राग जायला वेळ लागेल. मला इथनं सोडताहेत ना दोन वाजता? मग आधी तिथं चला. मी येते."

८

चारला दहा मिनिटं कमी असताना ते पोचले. तपासनीस बाई कुलूप घेऊन आल्या होत्या. वाढपी होता, बेकरीवाला होता, गल्लीतली चार रिकामी माणसंही होती. मालकीण दारासमोर स्टुलावर बसली होती. तिनं नवं फडकं बांधलं होतं.

घासराव पुढं झाले. "तक्रार खोटी आहे," ते म्हणाले. "अक्रोड मी खाल्ला होता. यांच्या बेकरीत. तोच चमचा मी माझ्या बायकोच्या सुपात घातला. या बाईंचा काही दोष नाही. हे मला काल सही करतानाही ठाऊक होतं."

बेकरीवाला म्हणाला, "माझी मुलगी म्हणतच होती, एक गृहस्थ उभ्या उभ्या डोळे मिटून केक खात होते म्हणून."

तपासनीस बाईंनी सगळं लिहून घेतलं, घासरावांना पुन्हा सही करायला लावली, आणि पिवळा कागद नखानं खरवडून काढला. थोडा डिंक दारावर राहिलाच.

"माफ करा," घासराव मालकिणीला म्हणाले.

मालकिणीनं लगेच माफ केलं नाही. "काल सोळा जण ताटावरून उठून गेले," ती म्हणाली. "गल्लीभर झालंय, हिच्याकडं बाई मरता मरता वाचली. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. आमचे अजून दोन दिवस आहेत. इथं दारात उभा राहतो. येईल त्याला सांगतो."

"खरंच उभे राहाल?"

"राहतील," धाकटी म्हणाली. "आणि आम्ही दोघी आत बसून खाऊ, म्हणजे लोकांना दिसेल."

ताईंनी वही काढली. यादीत अजून पुष्कळ हॉटेलं होती, वेळेसकट. त्यांनी पानावर तिरकी रेघ ओढली आणि वही पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी पातेलं चढलं. मालकिणीनं आधी नमुन्याची वाटी भरली, पट्टी चिकटवली, वेळ लिहिली. मग दोन वाडगे आले. घासराव दाराशी कुणा म्हाताऱ्या जोडप्याला सगळी कथा पहिल्यापासून सांगत होते, कान लाल झाले होते, पण सांगत होते. मालकिणीनंच त्यांना आत बोलावलं. "बसा आता. पाय दुखतील."

ते बसले. धाकटीसमोर सूप होतं. तिनं चमचा हातात घेतला आणि तशीच थांबली, बावीस वर्षांच्या सवयीनं. घासरावांनी हात टेबलाखाली घेतले.

"चाखा ना," ती म्हणाली.

"नको. आता माझ्यावर नको सोपवूस."

"मग मी काय उपाशी राहू?" तिनं वाढप्याला हाक मारली. "दादा, आणखी एक चमचा आणा. यांचा वेगळा."

चमचा आला. घासरावांनी तो उजेडात धरून पाहिला, रुमालानं पुसला, पुन्हा पाहिला. मग काठावरून अर्धा चमचा सूप घेतलं आणि बराच वेळ तोंडात ठेवलं. त्यांनी नुसती मान हलवली.

धाकटीनं स्वतःचा चमचा वाडग्यात बुडवला आणि खायला लागली. मालकीण ओट्यापाशी उभी राहून बघत होती. तिसरा चमचा पोटात गेला, चौथा गेला, तेव्हा ती आत वळली आणि पाव कापायला घेणार होती, पण पाव बेकरीतला हे तिच्या लक्षात आलं. सुरी तिनं परत ठेवून दिली.